यकृतातला वण आणि वृद्धिघटक : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते एप्रिल २०२५

६ जानेवारी

आजपासून वही सुरू. प्रकल्पाचा विषय कागदावर असा लिहिला आहे: हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या दीर्घकालीन संसर्गात यकृताच्या फायब्रोसिसशी (वण साठण्याशी) असलेला वृद्धिघटकांचा, म्हणजे पेशींना वाढीचे संदेश देणाऱ्या प्रथिनांचा, संबंध. विषाणू यकृतात वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला की तिथे वण साठत जातो. तो वण घडवून आणणारी प्रथिनं कोणती, आणि ती मोजून वण कुठवर पोचला हे सांगता येईल का, एवढं आम्हाला शोधायचं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या अहवालात २०२२ सालचे आकडे आहेत. बीचा दीर्घकालीन संसर्ग सुमारे २५.४ कोटी लोकांना, सीचा ५ कोटींना, आणि दोन्ही मिळून वर्षाला १३ लाख मृत्यू. हे मृत्यू बहुतांशी सिऱ्होसिस (वणाने यकृत गाठाळ होण्याची शेवटची अवस्था) आणि यकृताच्या कर्करोगामुळे होतात. म्हणजे विषाणूच्या माऱ्यापेक्षा त्यानंतर सतत चालू राहिलेली डागडुजीच माणसाच्या जिवावर उठते.

आमच्या प्रश्नाचं मूळ १९९७च्या एका फ्रेंच अभ्यासात आहे. सी विषाणूच्या २२३५ रुग्णांच्या बायोप्सी तपासून पॉयनार आणि सहकाऱ्यांनी अंदाज काढला की संसर्गापासून सिऱ्होसिसपर्यंतचा मध्यक काळ ३० वर्षांचा असतो. पण उपचार न झालेल्यांपैकी जवळपास एक तृतीयांश लोक २० वर्षांच्या आतच तिथे पोचतील आणि तेवढेच लोक ५० वर्षांतही पोचणार नाहीत, असंही त्यातच निघालं. वेग वाढवणाऱ्या गोष्टी तीन: चाळिशीनंतर झालेला संसर्ग, रोज ५० ग्रॅम किंवा जास्त मद्य, आणि पुरुष असणं. रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाचा संबंध दिसला नाही. मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. विषाणू किती आहे यावर वण ठरत नसेल, तर शरीर त्याला काय उत्तर देतं यावर ठरत असणार. वृद्धिघटक हा त्या उत्तराचा भाग आहे.

हाताशी काय आहे: बायोप्सीचे मेणातले ठोकळे, त्याच लोकांचे त्याच दिवशी घेतलेले सीरम आणि प्लाझ्मा (रक्ताचे पेशीविरहित द्रव भाग) उणे ८० अंशांत गोठवलेले, आणि एलएक्स-२ या प्रयोगशाळेत वाढवता येणाऱ्या यकृतातल्या स्टेलेट पेशींच्या काही कुप्या. सगळ्या नमुन्यांवर फक्त सांकेतिक क्रमांक आहेत.

९ जानेवारी

स्टेलेट पेशींवर वाचन. यकृताच्या पेशींची रांग आणि रक्त वाहणारी सूक्ष्म नलिका यांच्यामध्ये डिसेची पोकळी म्हणतात ती अरुंद फट असते. तिथे या पेशी हातपाय पसरून बसलेल्या असतात. १८७६ साली कार्ल फोन कुप्फर यांना त्या गोल्ड क्लोराइडच्या रंगाने दिसल्या. पुढे तोशिओ इतो यांनी चरबी साठवणाऱ्या पेशी म्हणून त्यांचं वर्णन केलं, आणि १९७१ साली केन्जिरो वाके यांनी दाखवलं की या दोन्ही एकच, आणि ती चरबी म्हणजे जीवनसत्त्व अ. शरीरातला अ जीवनसत्त्वाचा बहुतांश साठा या मूठभर पेशींमध्ये असतो.

निरोगी यकृतात त्या शांत असतात. आजूबाजूला पेशी मरू लागल्या, दाह सुरू झाला, की त्या जीवनसत्त्वाचे थेंब गमावतात, आकाराने पसरतात, अल्फा-एसएमए हे स्नायूंमधलं प्रथिन बनवू लागतात आणि आकुंचन पावण्याची ताकद मिळवतात. याच अवस्थेत त्या पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारचं कोलॅजन, म्हणजे वणाचं तंतुमय प्रथिन, ओततात. फटीतली विरळ जाळी जाऊन तिथे दाट तंतू भरतात, नलिकेच्या भिंतीतली सूक्ष्म छिद्रं बुजतात, आणि रक्त व पेशी यांच्यातली देवाणघेवाण अडते. यकृताचं काम घसरतं ते पेशी मेल्यामुळे, आणि जिवंत पेशींपर्यंत नीट काही पोचत नाही यामुळेही. हे दुसरं कारण माझ्या आधी नीट लक्षात आलं नव्हतं. वण नुसता जागा अडवत नाही, तो शेजारच्या धडधाकट पेशींचीही उपासमार करतो.

कोलॅजन बनवणाऱ्या सगळ्याच पेशी स्टेलेट नसतात. पोर्टल भागातले, म्हणजे रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका एकत्र असतात त्या जागेतले, फायब्रोब्लास्टही (तंतू बनवणाऱ्या पेशीही) हातभार लावतात. विषाणूजन्य यकृतदाहात सुरुवात पोर्टल भागातच होते, म्हणून त्यांना विसरून चालणार नाही.

१५ जानेवारी

टीजीएफ-बीटा-१. या प्रकल्पात सगळ्यात जास्त पानं याच्यावर खर्च होणार हे आजच कळलं.

स्टेलेट पेशीला कोलॅजन बनवायला लावणारा सर्वांत प्रभावी संदेश हाच वृद्धिघटक. पेशीच्या पृष्ठभागावर दोन ग्राहकांची (संदेश पकडणाऱ्या प्रथिनांची) जोडी त्याला धरते, आत स्मॅड-२ आणि स्मॅड-३ या निरोप्या प्रथिनांना फॉस्फेट जोडलं जातं, ते स्मॅड-४ला बरोबर घेऊन केंद्रकात जातात आणि कोलॅजनची जनुकं चालू होतात. स्मॅड-७ हा त्याच साखळीचा ब्रेक आहे. शिवाय वण मोडणारी एन्झाइम्स कमी होतात आणि त्या एन्झाइम्सना अडवणारं टिम्प-१ वाढतं. बांधकाम वाढतं आणि पाडकाम थांबतं, दोन्ही एकाच संदेशाने.

खरी गंमत मात्र पेशीच्या बाहेर आहे. टीजीएफ-बीटा पेशीतून बाहेर पडतो तोच बांधलेल्या स्थितीत. त्याच्याभोवती लॅप नावाच्या प्रथिनाचं कवच असतं, आणि ते कवच आणखी एका मोठ्या प्रथिनाने आजूबाजूच्या जाळीला जखडलेलं असतं. या अवस्थेत तो काहीच करू शकत नाही. कवच उघडावं लागतं, आणि ते जागच्या जागी उघडतं: पेशीला जाळीशी जोडणारी इंटेग्रिन प्रथिनं ओढून उघडतात, थ्रॉम्बोस्पॉन्डिन-१ हे प्रथिन उघडतं, प्लाझ्मिनसारखी एन्झाइम्स कापतात. जाळी जितकी ताठ, तितकी इंटेग्रिनची ओढ परिणामकारक. म्हणजे वण वाढला की ताठरपणा वाढतो, आणि ताठरपणाने जखडलेला टीजीएफ-बीटा आणखी मोकळा होतो.

याचा आमच्या मोजणीवर थेट परिणाम होतो. एखाद्याच्या यकृतात टीजीएफ-बीटा किती आहे यापेक्षा किती मोकळा होतोय हे महत्त्वाचं, आणि तो मोकळा होतो काही मायक्रॉनच्या अंतरात. हाताच्या शिरेतून काढलेल्या रक्तात त्याचा काय माग लागणार? आमच्या मार्गदर्शक मॅडमना हा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, “आधी हाच प्रश्न सोडव. बाकीची यादी मग कर.”

२१ जानेवारी

बाकीच्या वृद्धिघटकांवर धावती नजर. पीडीजीएफ (प्लेटलेट-डिराइव्ह्ड ग्रोथ फॅक्टर) स्टेलेट पेशींची संख्या वाढवतो. त्यांना विभाजित व्हायला लावणारा यापेक्षा तीव्र संदेश माहीत नाही, आणि पेशी जागी झाली की त्याचा बीटा ग्राहक ती भरभरून बनवते. सीटीजीएफ टीजीएफ-बीटाच्या पाठोपाठ येतो आणि त्याचा परिणाम लांबवतो. व्हीईजीएफ नव्या रक्तवाहिन्या उगवतो. वणाबरोबर त्या वाढतात, पण वण विरघळतानाही त्याची गरज लागते असं उंदरांत दिसलं आहे, म्हणून त्याला सरळ वाईटांच्या रांगेत बसवता येत नाही.

आयजीएफ-१ यादीतून काढला. तो मुख्यतः यकृतातच बनतो. यकृत थकलं की रक्तातलं प्रमाण पडतं. ते मोजून कारखान्याची अवस्था कळेल, वणाचं कारण कळणार नाही.

२९ जानेवारी

ठोकळ्यांचे काप घेऊन रंगवायला सुरुवात. सिरिअस रेड या रंगाने कोलॅजन लाल येतं आणि ध्रुवित प्रकाशात चमकतं. दुसऱ्या कापावर अल्फा-एसएमएची प्रतिपिंडं.

सुरुवातीच्या अवस्थेतल्या कापांत पोर्टल भाग लिंफोसाइट या पांढऱ्या पेशींनी भरलेला, आणि त्या पेशी कड ओलांडून आत घुसताना दिसतात. पुढच्या अवस्थेत त्याच कडेवरून लाल तंतू निघतात आणि शेजारच्या पोर्टल भागाकडे झेपावतात. एफ-४ या शेवटच्या टप्प्याच्या कापात गाठी वणाने पूर्ण वेढलेल्या. अल्फा-एसएमएचा रंग सगळ्यात गडद येतो तो दाट, जुन्या पट्ट्यांच्या मध्यात नव्हे, तर त्यांच्या कडांवर, जिथे वण अजून पुढे सरकतो आहे. एकाच माणसाच्या एकाच कापात जुना, थंडावलेला वण आणि ताजा, चालू असलेला वण शेजारी शेजारी दिसतात. मेटाव्हिर ही वणाचा टप्पा ठरवणारी पद्धत आकडा देते एकच, एफ-० ते एफ-४ यांतला. तो इतिहास सांगतो. आज काय चाललंय हे सांगायला दुसरं काही हवं. माझ्या मते वृद्धिघटकांची खरी जागा इथे आहे: वण किती झाला यापेक्षा किती वेगाने होतोय हे सांगण्यात.

बायोप्सीच्या मर्यादाही लिहून ठेवते. सुईने येणारा तुकडा संपूर्ण यकृताच्या साधारण ५० हजाराव्या भागाएवढा असतो. बेदोसा यांच्या गटाने २००३ साली दाखवलं की तुकडा १५ मिलिमीटरचा असेल तर ६५ टक्के वेळा टप्पा बरोबर ठरतो, २५ मिलिमीटरचा असेल तर ७५ टक्के वेळा. ज्याला आपण कसोटी मानतो तीच एवढी डळमळीत असेल, तर तिच्याशी ताडून पाहिलेली कोणतीही रक्तचाचणी परिपूर्ण दिसूच शकत नाही. रुग्णाला सुई टोचताना होणारा त्रास वेगळाच. ज्या लोकांनी हे तुकडे दिले त्यांच्यापैकी कित्येकांना तो पुन्हा द्यावा लागू नये, हे या कामाचं एक साधं कारण आहे.

४ फेब्रुवारी

सीरम की प्लाझ्मा? आजचा दिवस याच्यातच गेला आणि तो सार्थकी लागला.

टीजीएफ-बीटा-१चा रक्तातला सर्वांत मोठा साठा प्लेटलेटच्या कणांत असतो. १९८३ साली हे प्रथिन शुद्ध स्वरूपात काढलं गेलं तेही मानवी प्लेटलेटमधूनच. सीरम म्हणजे रक्त गोठू दिल्यावर उरणारा द्रव, प्लाझ्मा म्हणजे गोठू न देता पेशी वेगळ्या करून मिळणारा. गोठताना प्लेटलेट आपली पोतडी रिकामी करतात. त्यामुळे एकाच माणसाच्या सीरममध्ये टीजीएफ-बीटा-१ प्लाझ्मापेक्षा कितीतरी पट जास्त येतो. पीडीजीएफचंही तेच, त्याच्या तर नावातच प्लेटलेट आहे. व्हीईजीएफचंही तेच. आमच्या यादीतले तीन घटक प्लेटलेटचा माल निघाले.

आता यकृताकडे पाहा. फायब्रोसिस पुढे गेला की पोर्टल शिरेतला दाब वाढतो, प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून राहतात. यकृतात बनणारं थ्रॉम्बोपोएटिनही कमी पडतं. म्हणजे वण जितका जास्त, तितके प्लेटलेट कमी, आणि तितका सीरममधला टीजीएफ-बीटा-१ कमी. ज्या माणसाच्या यकृतात हे प्रथिन सर्वाधिक धुमाकूळ घालतंय, त्याच्याच सीरममध्ये ते कमी भरू शकतं! सीरमवर आधारलेल्या जुन्या निष्कर्षांत कुणाला संबंध दिसतो, कुणाला दिसत नाही, कुणाला उलटा दिसतो. त्याचं निदान काही स्पष्टीकरण इथे आहे असं मला वाटतं.

म्हणून टीजीएफ-बीटा, पीडीजीएफ आणि व्हीईजीएफ यांच्यासाठी सीरमचे नमुने वापरायचे नाहीत असं ठरवलं. प्लाझ्मातही धोका आहेच. अपकेंद्रात (सेंट्रिफ्यूजमध्ये) एकदाच फिरवलेल्या प्लाझ्मात थोडे प्लेटलेट उरतात, आणि गोठवून वितळवलं की ते फुटतात. आमचा साठा एकदाच फिरवलेला आहे. तपास असा करायचा: प्रत्येक नमुन्यात प्लेटलेट फॅक्टर-४ही मोजायचा. हे प्रथिन प्लेटलेटच्याच कणांतून येतं. ते जास्त भरलं तर त्या नमुन्यातला टीजीएफ-बीटा प्लेटलेटने दिलेला समजायचा आणि नमुना वगळायचा.

दुसरी गोष्ट आम्लाची. नेहमीची एलायझा (प्रतिपिंडांनी प्रथिन मोजणारी चाचणी) मोकळाच टीजीएफ-बीटा ओळखते. कवचातला ओळखायचा तर नमुना आधी हायड्रोक्लोरिक आम्लाने थोडा वेळ आम्लधर्मी करावा लागतो, मग अल्कली घालून पूर्ववत करायचा आणि लगेच प्लेटवर चढवायचा. यातून एकूण साठा कळतो, मोकळा किती होता ते नाही. शोधनिबंध वाचताना आम्ल वापरलं की नाही हे पद्धतीच्या भागात आधी पाहायचं, आकडे नंतर.

११ फेब्रुवारी

प्लाझ्माच्या पहिल्या प्लेटा वाचल्या. टीजीएफ-बीटा ज्यांच्यात उठून दिसत होता, त्यातल्या बऱ्याच नमुन्यांत प्लेटलेट फॅक्टर-४ही वर होता. वगळले. उरलेले नमुने निष्कर्ष काढण्याइतके नाहीत, त्यामुळे आकडे वहीत स्वतंत्र तक्त्यात ठेवले आणि इथे लिहिले नाहीत. पुढचे नमुने कसे घ्यायचे हे मात्र त्यांनी ठरवून दिलं: ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन असलेली नळी, काढल्याबरोबर बर्फात, थंड अपकेंद्रात दोनदा फिरवायचं, वरचाच थर उचलायचा, लहान लहान भागांत गोठवायचं म्हणजे पुन्हा वितळवावं लागणार नाही.

१४ फेब्रुवारी

एलएक्स-२ वितळवल्या. २००५ साली प्रसिद्ध झालेली ही मानवी स्टेलेट पेशींची मालिका अत्यल्प सीरममध्येही तग धरते म्हणून आमच्या कामाची. पेशी वाढवायला वापरतात त्या वासराच्या सीरममध्ये टीजीएफ-बीटा-१ असतोच, आणि गाईचं ते सक्रिय प्रथिन अमिनो आम्लं मोजली तर माणसाच्या प्रथिनाशी तंतोतंत जुळतं. एलायझाला दोन्हीतला फरक कळणार नाही. त्यामुळे प्रयोगाआधी पेशींना सीरमशिवाय ठेवायचं, आणि पेशी नसलेल्या नुसत्या माध्यमाची एक विहीर (प्लेटमधला खळगा) प्रत्येक प्लेटवर ठेवायचीच.

१८ फेब्रुवारी

पेशी पाहिल्या. काहीही न घालताच पसरलेल्या, आत अल्फा-एसएमएच्या दोऱ्या. प्लॅस्टिकची बशीच त्यांना जागं करते. निरोगी यकृताचा ताठरपणा काही किलोपास्कल असतो, पॉलिस्टायरिनचा गिगापास्कलमध्ये, म्हणजे लाखो पटींनी अधिक. अशा पृष्ठभागावर बसवलेल्या पेशीला शांत म्हणणं कठीण. पॉलिअ‍ॅक्रिलामाइडच्या मऊ जेलवर ठेवून तुलना केली तर त्या गोलसर राहतात आणि टीजीएफ-बीटा दिल्यावरचा फरक अधिक स्वच्छ दिसतो. ज्या प्रयोगांत टीजीएफ-बीटाचा परिणाम मोजायचा आहे ते इथून पुढे मऊ जेलवरच.

२० फेब्रुवारी

विषाणूचा स्वतःचा वाटा. दोन्ही विषाणू पेशी थेट मारण्यात फारसे पुढे नाहीत. बरंचसं नुकसान प्रतिकारशक्ती संसर्ग झालेल्या पेशींवर तुटून पडते त्यातून होतं. मेलेल्या पेशींचे अवशेष कुप्फर पेशी, म्हणजे यकृतातल्या भक्षक पेशी, गिळतात, आणि त्या स्वतः टीजीएफ-बीटा व पीडीजीएफ सोडतात. हा झाला आडमार्ग.

थेट मार्गही आहे. सी विषाणूचं कोअर प्रथिन पेशीत टीजीएफ-बीटा-१चं उत्पादन वाढवतं हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. बीचं एक्स प्रथिन तेच करतं आणि आणखी एक गोष्ट करतं: स्मॅड-३ला फॉस्फेट नेहमीच्या टोकाऐवजी मधल्या दुव्यावर जोडलं जातं. टोकावरच्या फॉस्फेटने पेशीची वाढ रोखली जाते. दुव्यावरच्या फॉस्फेटने वण आणि वाढ, दोन्हींना जोर मिळतो. तोच वृद्धिघटक, तोच ग्राहक, पण आतली वाट बदलली की पहारेकरी कर्करोगाचा साथीदार होतो.

बी आणि सी एकाच गटात मोजणं मला म्हणूनच पटत नाही. सी हा आरएनए विषाणू, तो पेशीच्या केंद्रकात काहीही मागे ठेवत नाही आणि औषधांनी पूर्ण जातो. बीचं वर्तुळाकार डीएनए केंद्रकात टिकून राहतं, आणि त्याचे तुकडे आपल्या गुणसूत्रांतही घुसतात. बीचा दाह कधी वर्षानुवर्षं शांत, कधी अचानक उसळतो, तर सीचा बहुधा संथ धगधगतो. एका दिवशी घेतलेल्या एका नमुन्याचा अर्थ दोघांत सारखा लागणार नाही. तक्ते वेगळे केले.

२७ फेब्रुवारी

आज विरुद्ध बाजूचा घटक, एचजीएफ. १९८४ साली जपानमध्ये नाकामुरा यांच्या गटाने तो यकृतपेशी वाढवणारा म्हणून शोधला. सी-मेट या ग्राहकाला धरून तो पेशींना जगवतो, विभाजित करतो आणि टीजीएफ-बीटाला आडवा येतो. सिऱ्होसिस केलेल्या उंदीरवर्गीय प्राण्यांना त्याचं जनुक दिल्यावर वण मागे हटला, असं १९९९ साली प्रसिद्ध झालं.

मग रुग्णांत तो कमी असायला हवा ना? रक्तात उलट दिसतं. यकृताला इजा झाली की एचजीएफ वाढतो, तीव्र बिघाडात तर झपाट्याने, आणि सिऱ्होसिसमध्येही तो वरच असतो. एक तर गरज वाढलेली असते, दुसरं म्हणजे त्याला रक्तातून काढून टाकणारं यकृतच थकलेलं असतं. शिवाय तोही निष्क्रिय रूपातच बाहेर पडतो आणि कापला गेल्यावरच कामाला लागतो. म्हणजे रक्तातला जास्त एचजीएफ हे संरक्षणाचं लक्षण न मानता मदतीची हाक मानायला हवी.

व्यवहारातली एक सूचना: हेपारिन हे रक्त गोठू न देणारं औषध दिल्यावर रक्तातला एचजीएफ वाढतो, कारण पेशींच्या पृष्ठभागावर चिकटलेला साठा सुटतो. हेपारिन चालू असलेल्यांचे नमुने नकोत, आणि हेपारिनच्या नळ्याही नकोत.

६ मार्च

वण परत फिरतो का? मी शिकले तेव्हा सिऱ्होसिस म्हणजे एकदिशा मार्ग असंच सांगितलं जायचं. २०१३ साली टेनोफोव्हिर या बीविरोधी औषधाचा पाच वर्षांचा अभ्यास आला. सुरुवातीची आणि २४० आठवड्यांनंतरची अशा दोन्ही बायोप्सी झालेले ३४८ बी-रुग्ण त्यात होते. ५१ टक्क्यांत फायब्रोसिस मागे गेला. सुरुवातीला सिऱ्होसिस असलेले ९६ जण होते, त्यातल्या ७१ जणांत पाच वर्षांनी सिऱ्होसिस उरला नव्हता. हा तक्ता मी आज पुन्हा वाचला आणि पुन्हा तितकाच आनंद झाला. औषध वणावर काम करत नाही, विषाणूला रोखतं. रोजची इजा थांबली की यकृत उरलेलं स्वतः करतं.

वृद्धिघटकाच्या बाजूने याचा पुरावा त्याहून जुना. १९९१ साली कास्तिया, प्रिएतो आणि फाउस्टो यांनी दीर्घकालीन यकृतरोगात ऊतीमधला टीजीएफ-बीटा-१चा संदेशवाहक आरएनए मोजला. कोलॅजनच्या आरएनएशी त्याचं नातं दिसलं, आणि इंटरफेरॉन या औषधाला प्रतिसाद देणाऱ्या सी-रुग्णांत तो खाली आला. तेव्हा सी विषाणूची ओळख पटून जेमतेम दोन वर्षं झाली होती. लक्षात घेण्यासारखं हे की त्यांनी तो ऊतीत मोजला.

इजा थांबल्यावर स्टेलेट पेशींचं काय होतं? काही मरतात, आणि टिम्प-१ उतरल्यावर वण मोडणारी एन्झाइम्स मोकळी होतात. पण २०१२ साली दोन गटांनी उंदरांत दाखवलं की बऱ्याच पेशी, साधारण निम्म्या, मरत नाहीत. त्या पुन्हा शांत झाल्यासारख्या होतात. पूर्ण पूर्ववत नव्हे: पुन्हा इजा झाली तर आधीपेक्षा लवकर पेटतात. सी बरा झालेल्या माणसाने दारूपासून का दूर राहावं आणि वजनाकडे का लक्ष द्यावं, याला यापेक्षा ठोस कारण मला सापडत नाही. सिऱ्होसिस झालेल्यांनी विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवायची, तेही सोडायचं नाही.

१३ मार्च

गटाच्या बैठकीत एका कनिष्ठ सहकाऱ्याने विचारलं, “मग टीजीएफ-बीटा सरळ बंदच का करत नाहीत?” रास्त प्रश्न. टीजीएफ-बीटा-१चं जनुक काढून टाकलेली उंदरांची पिल्लं जन्मानंतर काही आठवड्यांतच अनेक अवयवांतल्या अनावर दाहाने मरतात, हे १९९२पासून माहीत आहे. प्रतिकारशक्तीला लगाम घालणारा आणि नव्या गाठींची वाढ रोखणारा तोच आहे. ज्याच्या यकृतात कर्करोगाचा धोका आधीच आहे, त्याच्यात हा लगाम काढणं धोक्याचं.

म्हणून रोख आता कवच उघडणाऱ्यांवर आहे. २०१३ साली स्टेलेट पेशींतले अल्फा-व्ही इंटेग्रिन काढून टाकल्यावर उंदरांना फायब्रोसिसपासून बरंच संरक्षण मिळालं. जिथे मोकळा होतो तिथेच अडवायचा, बाकी शरीरात त्याला हात लावायचा नाही. विचार म्हणून मला हा फार आवडतो. पण विषाणूजन्य आजारात आज हाताशी असलेलं सर्वांत चांगलं वणविरोधी औषध म्हणजे विषाणूविरोधी औषधच, हे मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं.

२१ मार्च

रक्तचाचण्यांशी तुलना. एपीआरआय आणि फिब-४ हे रक्तावरून वणाचा अंदाज देणारे आकडे. एपीआरआयमध्ये एएसटी हे यकृताचं एन्झाइम आणि प्लेटलेट. फिब-४मध्ये वय, एएसटी, एएलटी हे दुसरं एन्झाइम आणि प्लेटलेट. दोन्हीत प्लेटलेट भाजकात. उद्या कुणी सीरममधला टीजीएफ-बीटा आणि फिब-४ यांचा आलेख काढून संबंध दाखवला, तर तो संबंध प्लेटलेटचा प्लेटलेटशी असू शकतो. आमच्या आराखड्यात प्लेटलेटची संख्या स्वतंत्र रकाना म्हणून राहील आणि विश्लेषणात तिला वजा करूनच बोलायचं.

फायब्रोटेस्ट या आणखी एका रक्तचाचणीतलं अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन हे प्रथिन मला वेगळ्या कारणाने लक्षवेधी वाटतं: ते रक्तातल्या टीजीएफ-बीटा आणि पीडीजीएफ यांना धरून ठेवतं. फायब्रोसिसबरोबर ते वाढतं, म्हणजे मोजमापातून निसटणारा भागही वाढत असणार.

फायब्रोस्कॅनही (बाहेरून यकृताचा ताठरपणा मोजणारी तपासणी) करायचाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या बी विषयक मार्गदर्शनात ७ किलोपास्कलच्या वर लक्षणीय फायब्रोसिस आणि १२.५च्या वर सिऱ्होसिस धरला आहे. पण दाह उसळलेला असताना यकृत सुजेनेही ताठ होतं. एएलटी खूप वर असेल त्या दिवशीचा आकडा वण म्हणून वाचायचा नाही, तो उतरल्यावर पुन्हा मोजायचा.

२ एप्रिल

आराखडा पक्का झाला. एका वेळच्या नमुन्यावरून अनेक माणसांची आपसांत तुलना करण्याचा बेत सोडला. एकाच माणसाची त्याच्या स्वतःशी तुलना करायची. सीच्या रुग्णांत औषध सुरू होण्याआधी, औषध संपल्यावर १२ आठवड्यांनी आणि त्यानंतर वर्षाने. बीच्या रुग्णांत सुरुवातीला आणि मग वर्षातून एकदा, कारण तिथे वण उतरायला वेळ लागतो. माणूस तोच राहिला की वय, लिंग, जनुकं यांचा गोंधळ बराच कमी होतो.

मोजायचं ते असं: दोनदा फिरवलेल्या ईडीटीए प्लाझ्मात टीजीएफ-बीटा-१ आम्ल देऊन आणि न देता, सोबत प्लेटलेट फॅक्टर-४. त्याच प्लाझ्मात एचजीएफ. टिम्प-१, हायल्युरॉनिक आम्ल आणि तिसऱ्या कोलॅजनचा तुकडा, हे तिन्ही फायब्रोसिससाठीच्या ईएलएफ या रक्तचाचणीत असतातच. पीडीजीएफ आणि सीटीजीएफ रक्तात मोजायचे नाहीत, जिथे वैद्यकीय कारणाने बायोप्सी झालीच असेल तिथे ऊतीत पाहायचे, स्मॅड-३च्या दोन्ही फॉस्फेट रूपांसह. फक्त या प्रकल्पासाठी कुणाचीही बायोप्सी करायची नाही.

माहितीपत्रकाचा मसुदा मॅडमनी दोनदा परत पाठवला आणि बरं झालं. आता त्यात पहिल्याच परिच्छेदात आहे: या चाचण्यांचा निकाल येईपर्यंत तुमचे उपचार थांबणार नाहीत आणि त्या निकालावरून ते बदलणारही नाहीत. दुसऱ्या परिच्छेदात नमुना कशासाठी घेतो ते. नैतिक समितीकडे कागद उद्या जातील. नळ्या, बर्फाचे डबे आणि थंड अपकेंद्राची वेळ आजच ठरवून ठेवली, म्हणजे मंजुरी आल्यावर पहिला नमुना काढल्यापासून गोठेपर्यंत कुठे खोळंबा नको.